दऱ्यांचा दर्या

मावळाबद्दल मराठीत चार ओळी लिहून पाहा. लोणावळ्यात उतरलो तेव्हा खोऱ्यात धुकं होतं, दऱ्या दिसत नव्हत्या, लोहगडाच्या पायऱ्या ओल्या होत्या, खाली शेतकऱ्यांची भातलावणी चालली होती. शाळकरी मुलाच्या निबंधात शोभतील अशी ही वाक्यं. पण संगणकाला अवघड जाणारी अक्षरं त्यांत इतकी आहेत, की एखाद्या यंत्राला मराठी येतं का हे तपासायला वेगळा उतारा शोधायला नको. ‘लोणावळ्यात’मध्ये अर्धा ळ आहे. हिंदीत ळ वापरात नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टांत अर्ध्या ळचं रूप कित्येकदा नसतंच आणि मग ळच्या पायाशी हलंत लोंबताना दिसतो. खोऱ्यात, दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांची या शब्दांत तर मराठीचा तो खास आडवा र आहे. तो बिघडला की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. सह्याद्रीच्या ऐन धारेवर समुद्र अवतरतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही. तसंच आचाऱ्यांना दिलेलं जेवणाचं कंत्राट आचार्यांच्या नावावर जातं.

हा बिघाड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. निमंत्रणपत्रिकेत पाहिला आहे, बातमीत पाहिला आहे, जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पाहिला आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा शिशाच्या खिळ्यांवर वाढली. ज्याच्या केसमध्ये आडवा र नसेल, तो जुळारी तो मागवून घेई. आजच्या मुद्रितशोधकाला असा बिघाड दिसला की तो हातानं दुरुस्त करतो, पुढच्या फाइलीत पुन्हा दुरुस्त करतो आणि पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करतो. ती चूक नेमकी कुठे जन्मली, हे तो कुणाला विचारत नाही, कारण विचारायची जागा असते हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अशी जागा असते आणि ती सर्वांना खुली असते. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरचा, प्रत्येक नांदता प्रकल्प आपल्या चुकांची जाहीर वही ठेवतो. तिला बग ट्रॅकर म्हणतात. डेबियन या लिनक्स-प्रकल्पाची वही १९९४ पासूनची. ती ई-मेलवर चाले आणि आजही चालते. मोझिलासाठी १९९८ मध्ये टेरी वाइसमन यांनी बगझिला लिहिलं आणि पुढे कितीतरी प्रकल्पांनी ते आपलंसं केलं. चूक नोंदवली की तिला क्रमांक मिळतो. हा क्रमांक फार मोलाचा असतो. त्यानंतर ती चूक एका माणसाचं गाऱ्हाणं राहत नाही. तिला पत्ता मिळतो, तारीख मिळते, तिच्याखाली चर्चा साठत जाते. ती सुधारणारा पॅच आला की पॅचवर तोच क्रमांक पडतो, आणि दहा वर्षांनी कोड वाचणाऱ्याला एखादी विचित्र ओळ दिसली तर त्या क्रमांकावरून ती ओळ कुणाच्या कोणत्या अडचणीतून आली ते उलगडतं.

मला यात कार्ल्याच्या चैत्याची आठवण होते. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. धेनुकाकटाचे रहिवासी आहेत, स्वतःला यवन म्हणवणारे आहेत, आणि हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असं सांगणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालही आहे. एकट्या राजाचं नाव कोरून काम भागलं असतं. पण ज्यानं खांब दिला त्याचं नाव त्या खांबावर राहिलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या नोंदींतही कोणती ओळ कुणी दिली ते असंच राहतं.

आता त्या आडव्या रकडे वळू. बगचा माग काढणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली ठरली. तिचा १९८८चा आराखडा युनिकोडच्या देवनागरी विभागाचा पाया झाला आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून आली. तिच्यात द्राविड भाषांतला कठोर र लिहायला नुक्ता दिलेला ऱ होता. त्याच ऱला हलंत लावला की मराठीचा आडवा र मिळावा, अशी सोय करून ठेवली होती. युनिकोडनं ती स्वीकारली. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात आणखी एक रीत पुढे आली : साधा र, हलंत आणि त्यांच्यामागे एक अदृश्य चिन्ह. झेडडब्ल्यूजे, म्हणजे रुंदी नसलेला जोडक. जुना मजकूर मोडू नये म्हणून युनिकोडनं दोन्ही रीती ग्राह्य धरल्या आणि तसे दोन नियम आजही त्याच्या ग्रंथात शेजारीशेजारी उभे आहेत. यात तिसरी वाटही आहे, कारण नुक्त्याचा ऱ हा ‘र अधिक नुक्ता’ असा सुटा लिहिला तरी युनिकोडच्या लेखी तोच असतो.

म्हणजे पडद्यावर ‘खोऱ्यात’ हा एकच शब्द दिसतो, आणि आत तो तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबणाऱ्याचा ‘खोऱ्यात’ एक, आणि र, हलंत देऊन अदृश्य जोडक टाकणाऱ्याचा दुसरा. एकाच्या फाइलीत दुसऱ्याचा शब्द शोधला तर सापडेलच असं नाही. त्यातून पुढचा गुंता निघतो. युनिकोडच्या अनुक्रम लावण्याच्या मूळ तक्त्यात तो जोडक पूर्णपणे दुर्लक्षिला जातो. जोडकानं लिहिलेल्या दऱ्या आणि समुद्र असा अर्थ असणारा दर्या त्या हिशोबात एकच ठरतात. नुक्त्याच्या ऱनं लिहिलेल्या दऱ्या मात्र वेगळ्या राहतात. यांत कुणाचाच निष्काळजीपणा नाही. प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी सबळ कारण होतं.

खरा घात होतो तो अदृश्य चिन्हं साफ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातून. मजकुरातली न दिसणारी चिन्हं हा कचराच असणार, अशा समजुतीनं अनेक प्रोग्रॅमर ती सरसकट काढून टाकतात. इंग्रजीत त्यानं काही बिघडत नाही. मराठीत जोडक गेला की र आणि हलंत उरतात, नियमाप्रमाणे त्यांचा रफार होऊन तो डोक्यावर चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. वेबच्या पत्त्यांतही हे घडलं. पत्त्यात इतर लिप्या वापरण्याचे २००३चे नियम जोडक पुसून टाकत. २०१०मध्ये आलेल्या नव्या नियमांनी हलंतामागे तो चालेल असं मान्य केलं. .भारत हे देवनागरी नाव २०१४मध्ये सुरू झालं, तेव्हा हा बदल आधी झालेला होता हे आपलं नशीब.

चूक कुठे राहते ते शोधणं हे बगच्या कामातलं सर्वांत कठीण आणि मला विचाराल तर सर्वांत सुंदर काम. एखादं अक्षर चुकीचं दिसतं तेव्हा त्याच्यामागे निदान पाच ठिकाणं असतात. कळफलकानं चुकीचा संकेत पाठवला असेल. मधल्या कुठल्या तरी पायरीवर संकेत पुसला गेला असेल. संकेतांच्या रांगेतून अक्षररूपं जुळवणारं शेपिंग इंजिन चुकलं असेल. फॉन्टात ते रूपच नसेल. किंवा पानानं आपली भाषा चुकीची सांगितली असेल.

शेवटचा प्रकार लोणावळ्याच्या पहिल्याच अक्षरावर दिसतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. हिंदीचे ल आणि श घडणीनं वेगळे. युनिकोडमध्ये मात्र ल एकच आहे. कोणता काढायचा हे फॉन्ट ठरवतो, आणि तो ठरवतो पानानं जाहीर केलेल्या भाषेवरून. ‘लोणावळा’, ‘लोहगड’, ‘शिलाटणे’ लिहिलेल्या पानाच्या माथ्यावर भाषा हिंदी म्हणून नोंदली असेल, तर निर्दोष फॉन्टही हिंदीचा ल काढील आणि लोक फॉन्टाला दोष देतील. फॉन्टाच्या वहीत अशी तक्रार आली की ‘हा बग नाही’ म्हणून ती बंद होते. तक्रार करणारा दुखावतो. त्याची चूक एवढीच असते की त्यानं शेजारच्या दारावर थाप मारली. चांगला सांभाळकर्ता दार बंद करताना योग्य दार दाखवतो, आणि मला अशी माणसं या वह्यांत पुष्कळ भेटली आहेत.

पुण्यात हे काम किती गंभीरपणे झालं, हे महाराष्ट्रात फारसं सांगितलं गेलेलं नाही. श्रीलिपी हे नाव मराठी मुद्रणात घरोघरी गेलेलं. ते करणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीनं २००४मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावाला साजेसा. २०११मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. रेड हॅटच्या पुणे कार्यालयात भारतीय भाषांवर काम करणारा गट होता आणि तिथले प्रवीण सातपुते यांनी ‘लोहित २’ची धुरा घेतली. मूळ फॉन्टांतले जोडाक्षरांचे नियम वर्षानुवर्षं थरावर थर चढल्यासारखे झाले होते. ते नव्यानं, वाचता येतील असे लिहून काढणं हा त्या प्रयत्नाचा गाभा. कोडइतकंच फॉन्टाचं पोटही माणसाला वाचता आलं पाहिजे, तरच त्यातली चूक दुसरा कुणी सुधारू शकतो.

फॉन्टाच्या अलीकडे शेपिंग इंजिन असतं. मुक्त जगात त्याचं नाव हार्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्यानं ते घडवलं आणि २०१२च्या सुमारास भारतीय लिप्यांचा भाग नव्यानं लिहिला. त्याची तपासणीची रीत मला फार आवडते. विकिपीडियातून काढलेल्या शब्दांच्या प्रचंड याद्या तो आपल्या इंजिनातून आणि मायक्रोसॉफ्टच्या इंजिनातून काढी, फरक कुठे येतो ते पाही, आणि प्रत्येक बदलाच्या नोंदीत लिपीनिहाय निकाल लिही. देवनागरीत इतके शब्द जमले, बंगालीत इतके. कोणत्याही दिवशी कोणत्याही बदलानं काय सुधारलं आणि काय बिघडलं हे नोंदीत उघडं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. देवनागरीत लेख लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना तेव्हा कल्पनाही नसेल, की आपले शब्द पुढे अशा तपासण्यांचा कच्चा माल होतील. आज हार्फबझ फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून सगळ्या संगणकांवरच्या लिबरऑफिसमध्ये आहे.

तिथे बग सुटला की काम संपत नाही. ज्या अक्षररांगेवर इंजिन चुकलं होतं ती रांग, त्या फॉन्टाचा लागेल तेवढाच तुकडा आणि अपेक्षित उत्तर, असं तिन्ही मिळून चाचणी म्हणून कोडच्या भांडारात कायमचं ठेवलं जातं. पुढे कुणीही काहीही बदललं तरी सगळ्या जुन्या चाचण्या पुन्हा चालतात. एकदा सुटलेली चूक परत डोकावली तर तिथेच पकडली जाते. एका माणसानं एकदा नीट नोंदवलेली अडचण त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांची राखण करते.

याच इंजिनात मराठीच्या आणखी एका अक्षराचे नियम आहेत. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८च्या ५.१ आवृत्तीत आला. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. आजही अनेक कळफलकांतून तसंच लिहिलं जातं. युनिकोड म्हणतं, अशी जोडणी वापरू नका. हार्फबझ त्या सल्ल्याप्रमाणे मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढतं. ते वर्तुळ पाहून फॉन्ट फुटला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात, दिसायला सारखी पण आतून वेगळी अशी दोन रूपं जगात फिरू नयेत म्हणून ते मुद्दाम काढलेलं असतं. मला स्वतःला हा कठोरपणा पटतो. आडव्या रच्या बाबतीत तो वेळीच दाखवला असता तर आज शोधयंत्रांना तीन ‘खोऱ्यात’ सांभाळावे लागले नसते.

बंद सॉफ्टवेअरमध्ये काय होतं ते २०१८च्या फेब्रुवारीत दिसलं. तेलुगूतलं एक जोडाक्षर आयफोनवर आलं की ॲप कोसळत. ॲपलनं ११.२.६ आवृत्तीत ते दुरुस्त केलं. पण कोड बंद असल्यानं नेमकं काय चुकलं होतं हे बाहेरच्यांना कळायला मार्ग नव्हता. तेव्हा मनीष गोरेगावकर या प्रोग्रॅमरनं बाहेरूनच अक्षरांच्या जुळण्या करून पाहिल्या आणि चूक तेलुगूपुरती नसून ठरावीक अटींत बंगाली आणि देवनागरीतही येते हे दाखवून दिलं. देवनागरीत ती अट पायात र असलेल्या जोडाक्षराशी होती. जाहीर वही असती तर हे काम पहिल्याच दिवशी तिन्ही लिप्यांच्या जाणकारांनी मिळून केलं असतं.

तरी जाहीर वहीतही दुःख असतंच. फेडोरा या लिनक्स-प्रकल्पाची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. ती मुदत संपली की त्या आवृत्तीवरचे उघडे बग यंत्राकडून बंद होतात. संदेश येतो : चूक नव्या आवृत्तीतही असेल तर आवृत्ती बदलून पुन्हा उघडा. मोजक्या माणसांनी चालवलेल्या प्रकल्पाला याशिवाय गत्यंतर नाही, हे मला कळतं. पण ज्या भाषेत तक्रार करणारेच थोडे, तिथे तो संदेश ज्याला जातो तो माणूस एव्हाना दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो. चूक जिवंत राहते आणि नोंद मिटते. मराठीच्या कितीतरी चुकांना हवा आहे तो इतकाच माणूस : जो नवी आवृत्ती घालून जुनी तक्रार पुन्हा तपासून पाहील. त्याला कोड लिहिता येण्याची गरज नाही.

तक्रार कशी लिहायची, तेही सांगतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्यावर जगातला कोणताही अभियंता काम करू शकत नाही. कोणता शब्द, कोणत्या फॉन्टात, कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीत, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, दोन्हींचं चित्र. आणि शब्द चित्रात असला तरी मजकूर म्हणूनही चिकटवायचा, म्हणजे आतले संकेत तपासता येतात. त्याआधी हीच तक्रार कुणी केली आहे का ते शोधायचं. असेल तर नवी न लिहिता आपलं उदाहरण तिच्याखाली जोडायचं.

मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावातून लोहगडवाडीकडे चढणारा रस्ता हा अशा नोंदींसाठी उत्तम वर्ग आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. लोहगड त्यांत आहे, शेजारचा विसापूर नाही. गर्दी वाढली आणि फोनवरच्या नकाशावर विसंबणारेही वाढले. २००४मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्टनं सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुणालाही वाट काढता येते, ठिकाणाचं मराठी नाव भरता येतं, आणि २०१३ पासून खातं नसतानाही नकाशावर टाचण लावून ‘इथे चूक आहे’ असं लिहिता येतं. गायमुख खिंडीपाशी दोन गडांच्या वाटा फुटतात. अशा ठिकाणी एक नाव चुकीच्या बाजूला असणं म्हणजे पावसाळ्यात कुणाचा तरी दिवस मावळणं. त्या माहितीतली चूक टाचण वाचणारा स्थानिक माणूस सुधारू शकतो.

नावं बरोबर भरलेली असूनही ती नकाशावर वाचता न येणं हा मात्र वेगळा बग आहे आणि तो जुना आहे. मॅपबॉक्स जीएल आणि त्यातून निघालेलं मुक्त मॅपलिब्रे, या आजच्या नकाशांमागच्या इंजिनांनी वेगासाठी एक युक्ती केली. अक्षरांची चित्रं सर्व्हरवर युनिकोड क्रमांकांनुसार २५६-२५६च्या गठ्ठ्यांत ठेवायची आणि हवी ती आणून एकापुढे एक मांडायची. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत जोडाक्षराला स्वतःचा क्रमांकच नसतो, त्यामुळे गठ्ठ्यात त्याचं चित्र नसतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी, ती क्रमाप्रमाणे नंतर येते. ‘तिकोना’त ती पुढच्या कच्या गळ्यात पडते. ‘कार्ला’चा रफार वर न जाता र हलंतासकट ओळीत उभा राहतो. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी ‘मनरंजन’ जवळपास सुखरूप उतरतो आणि ‘श्रीवर्धन’ पुरता फुटतो. या तुटलेपणाच्या तक्रारी वर्षानुवर्षं उघड्या होत्या. ख्मेर आणि बर्मी लिहिणारेही त्यांत होते, कारण दुखणं एकच.

त्यावर इंजिनाच्या आत पूर्ण शेपिंग आणणं हा मोठा रस्ता. प्रोटोमॅप्स या मुक्त नकाशा-प्रकल्पानं दरम्यान दुसरी वाट काढली : देवनागरी नावं आधीच शेपिंग इंजिनातून काढून, तयार झालेल्या रूपांना खासगी क्रमांक देऊन, त्याच जुन्या गठ्ठ्यांतून ती पाठवायची. इंजिनाला ती साधी अक्षरंच वाटतात. युनिकोडनंही २०२३च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर हे वाचकाच्या लेखी एकच अक्षर मानायचा नियम देवनागरीसह काही लिप्यांना लागू केला. त्याआधीच्या हिशोबात ‘श्रीवर्धन’ सहा तुकड्यांचा होता, आता चार अक्षरांचा आहे. कर्सर कुठे थांबावा, नकाशावरचं नाव वाकवताना कुठे जागा सोडावी, हे प्रोग्रॅम अशा नियमावरून ठरवू शकतात.

पण नियम निघाला म्हणून तो वापरणारं प्रत्येक सॉफ्टवेअर आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नवी नोंद उघडावी लागते आणि तिच्यात उदाहरणं द्यावी लागतात. लोणावळ्यात, श्रीवर्धन, तिकोना, कार्ला, विंचूकाटा, इंद्रायणीच्या खोऱ्यात : अर्धा ळ, श्र, रफार, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, द्र आणि आडवा र. ही यादी कुणीही उचलून आपल्या तक्रारीला जोडावी. शेवटच्या शब्दाची मात्र दोन्ही रूपं द्यावीत, एक नुक्त्याच्या ऱचं आणि एक जोडकाचं, कारण पहिलं नीट दिसणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमांत दुसरं अजून फुटतं.